पिवळ्या मिठाचा कान्हू

कान्हू घरत माझ्याकडे पहिल्यांदा आला तो भांडायला. पेणच्या एका शाळेत मी तेव्हा विज्ञान शिकवत असे. आठवीच्या वर्गात फळ्यावर ‘मीठ : रंग पांढरा’ असं लिहिलं, तशी मागच्या बाकावरची नम्रता घरत उठून म्हणाली, “सर, माझे बाबा पिवळं मीठ घासतात.” वर्ग हसला. मीही हसलो, आणि तिथेच माझं चुकलं.

शनिवारी सकाळची शाळा सुटली तेव्हा फाटकाशी एक माणूस उभा होता. उंची बेताची, खांदे मिठागरात टोपल्या वाहून रुंद झालेले, पण बोटं मात्र सोनाराची असावीत तशी जपलेली.

“मीठ पांढरं असतं म्हननारे मास्तर तुमीच काय?”

“हो. का?”

“समदं नसतं.”

“मग दाखवा ना पिवळं.”

“आनता येत नाय. उजेडात काढलं का हळूहळू पांढरं होतं.”

यावर माणसानं काय बोलावं? अंधारात पिवळं आणि दाखवायला काढलं की पांढरं! माझ्या चेहऱ्यावरचं हसू त्याला दिसलं असावं. त्यानं चपला काढल्या, शाळेच्या ओट्यावर मांडी घातली आणि अर्धा तास मला शिकवलं. घरी जाऊन मी कॉलेजातलं जुनं पुस्तक काढलं. माणूस शब्दन् शब्द खरं बोलला होता. सोमवारी वर्गात मी नम्रताची माफी मागितली, आणि त्या दिवसापासून कान्हू सुट्टीला गावी आला की आमच्याकडे चहाला येऊ लागला. पुढचं सगळं मला त्याच्याच तोंडून आणि थोडं शीरा मॅडमकडून कळलं.

कान्हूचं गाव पेणच्या खाडीकाठी. त्याचे वडील महिपती जन्मभर मिठागरात राबले. एका पावसाळ्यात बांध फुटला, खारं पाणी आत घुसलं ते घुसलंच, आणि मिठागर बंद पडलं. कान्हू मुंबईला गेला आणि एका मोठ्या विज्ञानसंस्थेत मदतनीस म्हणून लागला. मदतनीस म्हणजे फरशी पुसायची, गॅसची नळकांडी ढकलायची आणि साहेबांच्या पंख्याचा आवाज आला तर वर बघायचं. आठ वर्षं त्यानं हेच केलं.

मग तिथे डॉक्टर शीरा रोहेकर आल्या. रोह्याच्या बेने इस्रायली, म्हणजे कोकणी ज्यू घरातल्या. त्यांच्या समाजाची बहुतेक घरं इस्रायलला निघून गेलेली, वडील डेव्हिड मात्र रोह्यातच राहिलेले. बाईंचा विषय मिठाचे स्फटिक, आणि नाव शीरा. त्यामुळे कँटीनमध्ये विनोदाला तोटा नव्हता. “शिऱ्यात मीठ पडलं” हा विनोद त्या शाळेपासून ऐकत आल्या होत्या. कोणी सुरू केला की शेवट त्याच करून टाकायच्या आणि समोरच्याला तोंड मिटून घ्यावं लागायचं.

हे मीठ जेवणातलं नव्हे. भट्टीत वितळवून, महिनाभर सावकाश थंड करून केलेला मुठीएवढा, काचेसारखा आरपार दिसणारा खडा. त्यावर पातं ठेवून एकच टिचकी मारायची, म्हणजे टपालाच्या तिकिटाएवढी पातळ चकती सुटते. सुटली तर. शीरा मॅडमच्या हातून एका सकाळी तीन खडे फुटले. कान्हू खाली फरशी पुसत होता. तिसऱ्या खड्याचा चुरा त्याच्याच पुसलेल्या फरशीवर पडला, तेव्हा त्याच्यानं राहवेना.

“मॅडम, तिरकं मारताव. त्याच्या पोटात सरळ वाट हाय, तिच्यावर ठेवा पातं.”

“तुम्हाला दिसते वाट?”

“दिसत नाय. पन मिठाला चौकोनीच फुटायचं असतं. आपन हट्ट केला का त्यो पन हट्ट करतो.”

त्यानं हात पुसले, खडा उजेडाकडे धरून फिरवला, पातं ठेवलं आणि चमच्याच्या दांड्यानं टिचकी मारली. चकती आरशासारखी सुटली. दुसऱ्या दिवसापासून फरशी दुसऱ्या कोणाला मिळाली आणि कान्हू स्फटिक फोडायला नि घासायला बसू लागला. हुद्दा तोच राहिला, कारण संस्थेच्या कागदांत ‘मीठ घासणारा’ अशी जागाच नव्हती.

महिपतींना हे कळलं तेव्हा त्यांनी पुढच्या खेपेला शेजारच्या चालू आगरातलं पिशवीभर मीठ दिलं. “त्या बाईला दे. भट्टीबिट्टी कशाला लावतेय? आयतं घे म्हनावं.” शीरा मॅडमनी ते तपासलं आणि अगदी हळुवारपणे सांगितलं की हे छान आहे, पण शुद्ध नाही, यात पाणी नि इतर क्षार अडकलेत. कान्हूनं तो निरोप घरी जसाच्या तसा सांगायची चूक केली. “अशुद्ध?” महिपती म्हणाले, “अख्ख्या मुंबईनं खाल्लं आमचं मीठ. कोन मेला काय?” महिनाभर ते लेकाशी बोलले नाहीत.

आता हे पिवळं मीठ म्हणजे काय, हे कान्हूनं मला ओट्यावर सांगितलं ते असं. “मास्तर, मीठ म्हंजे आपली यष्टी समजा. एका शीटवर सोडियम, बाजूच्या शीटवर क्लोरीन, ओळीनं बसलेत. आता मध्येच एक क्लोरीन उतरला. शीट रिकामी झाली. तेवढ्यात खिडकीतून एकानं रुमाल टाकला.”

“कोणी?”

“इलेक्ट्रॉननं. इतकुसा जीव, पन शीट त्याची! त्योच निळा उजेड गिळतो, म्हनून मीठ पिवळं दिसतं. आनि गिळलेला उजेड त्यो मागनं परत टाकतो. मॅडम बघतात ते हेच, का गिळला आनि टाकला ह्याच्या मधल्या येळात शीटवर काय धुमशान होतं.”

हे धुमशान किती वेळ? सेकंदाचे लाख कोटी तुकडे करावेत आणि त्यातला एक उचलावा, इतपत. एवढं मोजणारं घड्याळ जगात नाही. म्हणून लेसरचे दोन झटके मारतात. पहिला रुमालवाल्याला उठवतो, दुसरा मागोमाग येऊन ‘आता काय चाललंय’ ते बघून जातो. दुसऱ्याला उशीर करायचा तर त्याच्या वाटेतला आरसा केसाच्या जाडीइतका मागे सरकवायचा, की उजेडाची वाट तेवढी लांबते. पण चकतीवर एक जरी ओरखडा असला तर उजेड वाटेल तिकडे फुटतो आणि सगळं मुसळ केरात. म्हणून कान्हूची बोटं.

ही झाली बैठक. आता १९९६ च्या ऑगस्टची गोष्ट.

तसलं लेसर संस्थेत एकच होतं आणि त्याला रांग मोठी. शीरा मॅडमना दीड वर्षानं आठ दिवस मिळाले, बारा ऑगस्टच्या सोमवारपासून. पिवळ्या केलेल्या चार चकत्या तयार होत्या, शेवटचा हात फिरवायचा राहिला होता. आणि त्याच्या आदल्याच आठवड्यात घासायच्या खोलीचं वातानुकूलन बंद पडलं. बाहेर मुंबईचा पाऊस. मीठ ते मीठच, पावसाळ्यात बरणीत पाझरतं तसं चकत्यांनाही पाणी सुटू लागलं. दुरुस्तीवाला म्हणाला, भाग मागवलाय, पंधरा दिवस लागतील.

“मॅडम,” कान्हू म्हणाला, “या दिवसांत सगळ्या जिल्ह्यात सुकी जागा एकच. गनपतीचा कारखाना.”

ते खरंच होतं. गणपती जेमतेम सहा आठवड्यांवर आले होते, आणि पेणजवळच्या जोह्याच्या कारखान्यांत ओल्या मूर्ती वाळवायला बंद खोल्यांत शेगड्या पेटवून ठेवतात. आत गेलं की माणसाचे ओठ फुटतात. जोह्याला कान्हूचा मेहुणा हरेश, त्याचा स्वतःचा कारखाना होता.

दुसरा कोणी असता तर मॅडमनी हाकलून दिलं असतं. त्यांनी फक्त विचारलं, “धूळ?” कान्हू म्हणाला, “ती माझ्यावर सोडा.” त्यांनी सुट्टीचा अर्ज स्वतःच लिहून दिला, कारण ‘मुलीचं आजारपण’ असं कान्हू लिहायला निघाला होता. शनिवारी चकत्या रोह्याला माझ्या वडिलांच्या घरी पोचवा, मी तिथंच असेन, रविवारी घेऊन निघेन, असं मॅडमनी ठरवलं.

मंगळवारी दुपारी कान्हू एसटीत बसला. मांडीवर स्टीलचा डबा, डब्यात ओल ओढून घेणारे निळे मणी, त्यावर काळ्या मखमलीत गुंडाळलेल्या चार चकत्या. मणी ओलावले की गुलाबी होतात, म्हणून तो दर दहा मिनिटांनी झाकण किंचित उचलून आत डोकावायचा. शेजारच्या बाईनं दोनदा बघितलं आणि जागा बदलली.

नाक्यावर पोलिसांनी गाडी थांबवली. पंधरा ऑगस्ट जवळ आला होता, आणि तीन वर्षांपूर्वी आमच्याच किनाऱ्यावर दारूगोळा उतरला होता तेव्हापासून जिल्ह्यात कोणाच्या मांडीवरचा डबा हा साधा डबा राहिला नव्हता. जागा बदललेल्या बाईनं बोट दाखवलं. हवालदारानं कान्हूला खाली उतरवलं.

“काय आहे यात?”

“मीठ.”

“मग काळ्या कपड्यात का?”

“उजेड लागला तर बिघडतं.”

“आणि हे मणी?”

“पानी लागलं तरी बिघडतं.”

“उजेडानं बिघडतं, पाण्यानं बिघडतं,” हवालदार म्हणाला, “आणि तुला वाटतं की मी याला मीठ समजीन?”

सगळी गाडी खिडक्यांतून बघत होती. कान्हूनं संस्थेचं ओळखपत्र काढलं. त्यात ‘मदतनीस’ लिहिलेलं बघून संशय आणखी वाढला. मग त्यानं रुमाल, शीट, क्लोरीन सगळं सांगितलं. हवालदार बराच वेळ ऐकत राहिला. शेवटी त्यानं मखमल सोडली. पिवळ्या, नितळ, चौकोनी चकत्या बघून त्याचा चेहरा एकदम सैल झाला.

“अरे, ही तर खडीसाखर!” म्हणत त्यानं एक चकती उचलली आणि कान्हू ओरडेपर्यंत तोंडात टाकली.

हवालदाराची मिशी आधी एका बाजूला गेली, मग दुसऱ्या.

“मीठ आहे,” तो म्हणाला, आणि थुंकून गाडी सोडली.

दीड वर्षाचं काम दीड सेकंदात. कान्हूनं उरलेल्या तीन चकत्या डोळे मिटूनच पुन्हा गुंडाळल्या, जणू त्याच्या नजरेनंही त्या पांढऱ्या पडतील. या झटापटीत घासायचा खास कपडा नाक्यावरच्या डबक्यात पडला, तो वेगळाच.

जोह्याला हरेशनं वाळवणीची मागची खोली रिकामी करून दिली, हलवता न येणारा एक मोठा गणपती तेवढा आत राहिला. कान्हूनं भिंती ओल्या फडक्यानं पुसून घेतल्या, दोन शेगड्या ठेवल्या, फटी कागदानं बंद केल्या आणि देव्हाऱ्यातला लाल झिरोचा बल्ब काढून तिथं लावला, कारण तेवढा उजेड चकत्यांना चालतो. खोलीत तो कमरेला पंचा लावून बसायचा. घासायला शुद्ध स्पिरिट लागतं, त्याची बाटली शेजारी. दाराखालून लाल उजेड, आतून दारूसारखा वास, आणि तासन् तास माणसाचा आवाज नाही. कारखान्यातल्या रंगाऱ्यांनी दुसऱ्या दिवशी हरेशला बाजूला घेऊन विचारलं, दाजींचं मुंबईत बरं चाललंय ना?

बातमी खाडीकाठी पोचायला किती वेळ लागणार? बुधवारी संध्याकाळी कान्हूची बायको चंद्रावती पदर खोचून जोह्याला हजर.

“दार उघडा. मना समजलंय समदं.”

“दार नाय उघडनार. हवा आत येल.”

“बाटली बाहेर टाका.”

“गो, ती पिवाची नाय. मिठाला लावाची हाय.”

“मिठाला?” चंद्रावती म्हणाली. “मी वीस वर्सं मिठागरात गेली. मिठाला कोनी दारू पाजलेली मी नाय बगितली!”

शेवटी कान्हूनं दार बोटभर उघडून तिला आत घेतलं. लाल उजेडात, घामानं निथळत तिनं नवऱ्याचं काम बघितलं. तो एक चकती बोटाच्या टोकावर धरून आठाच्या आकड्यात फिरवत होता, श्वास रोखून. तिनं बाटलीचा वास घेतला, मग नवऱ्याच्या तोंडाचा. समाधान झाल्यावर ती खाली बसली.

“मग अडलंय कुठं?”

“कपड्यावर. शेवटचा हात मऊ रेशमावर मारावा लागतो. बाजारात मिळतं ते नायलॉन.”

चंद्रावती उठून घरी गेली. गुरुवारी सकाळी ती परत आली तेव्हा पिशवीत तिचा लग्नातला शालू होता. “काठाला हात लावायचा नाय. पदराला नाय. आतला, निऱ्यांत जातो तो भाग काप. आनि सरळ काप.” कान्हू मला म्हणाला, “मास्तर, मिठाच्या खड्यावर पातं ठेवताना मी दोनदा कधी मोजलं नाय. शालूवर धा येळा मोजलं.”

दोन चकत्या शुक्रवारपर्यंत उतरल्या, इतक्या नितळ की मखमलीवर ठेवल्या तर बोट लावल्याशिवाय कळू नये. तिसरीवर वाळत्या गणपतीच्या सोंडेवरून शाडूचा एक कण पडला आणि लांब ओरखडा गेला. हरेश कानाला हात लावत म्हणाला, “देवाची मर्जी.” कान्हू म्हणाला, “देवाला झाकून ठेवला असता तर मर्जी नसती झाली.”

शनिवारी दुपारी तो जिते स्टेशनावर पॅसेंजरमध्ये बसला आणि रोह्याला उतरला. डेव्हिड रोहेकरांचं घर कौलारू, पुढं सोपा, सोप्यात झोपाळा. म्हातारबुवांनी हसून स्वागत केलं, पण डबा बघून हात मागे घेतला.

“आज शब्बाथ आहे, बाबा, आमचा विसाव्याचा वार. शीरा आहे घरात. पण सूर्य बुडून तीन तारे दिसेपर्यंत ती कामाच्या वस्तूला शिवणार नाही.”

शीरा मॅडम आतून आल्या. डब्याकडे बघितलं, कान्हूकडे बघितलं आणि विचारलं, “किती?”

“दोन.”

“दोन पुरतील,” त्या म्हणाल्या आणि हात पाठीमागे बांधून उभ्या राहिल्या. एक चकती पोलिसानं खाल्ली हे ऐकल्यावर मात्र त्यांना हात सोडून तोंडावर ठेवावा लागला.

दुपारचे तीन वाजले होते. बाहेर पावसाची झड. कान्हूनं झाकण किंचित उचललं. निळ्या मण्यांच्या कडा गुलाबी झाल्या होत्या. मणी कढईत तापवले की परत निळे होतात, पण त्याला हवी चूल, आणि शब्बाथला त्या घरात विस्तव पेटत नव्हता.

“काका, चूल पेटवली तर?”

डेव्हिडकाका झोपाळ्यावर झुलत राहिले. “मी तुला पेटव म्हणून सांगू शकत नाही. आमच्यासाठी तर मुळीच नाही.” एक झोका गेला. “पण तुझं तुझ्या कामासाठी तू काय करशील, त्याला मी म्हातारा कसा अडवणार? स्वयंपाकघर डाव्या हाताला आहे. असंच आपलं सांगतोय, घर दाखवायला.”

कान्हूनं मणी भाजले. मग दोघं झोपाळ्यावर बसून आकाश बघू लागले. ढग असे की ताऱ्यांचं नाव नको.

“आनि तारे दिसलेच नाय तर?”

“पावसाळ्यात आमचे पूर्वज काय करत असतील असं वाटतं तुला?” काका म्हणाले. “पंचांग आहे आमचंही. सात बेचाळीस.”

तेवढ्या वेळात काकांनी त्याला आपल्या तरुणपणीचं रोहे सांगितलं आणि कान्हूनं काकांना मीठ कसं पिकतं ते. थंड पुऱ्या नि बटाट्याची भाजी खाऊन झाली. सात बेचाळीसला शीरा मॅडमनी आधी प्रार्थना उरकली, मग दिवा लावायच्या आत लाल कागद गुंडाळलेल्या बॅटरीत डबा उघडला. चकती चिमट्यानं उचलून त्या बराच वेळ बघत राहिल्या.

“कान्हूदादा, हे कशावर घासलंत?”

“घरच्या रेशमावर,” एवढंच तो म्हणाला.

पुढच्या आठवड्यात पहिली चकती लेसरचा नेम लावण्यात गेली. दुसरी टिकली. पाचव्या दिवशी मॅडमनी कान्हूला बोलावणं पाठवलं. तो आंघोळ करून, धुतलेला सदरा घालून गेला. अंधाऱ्या खोलीत संगणकाच्या पडद्यावर एक वाकडी रेघ होती.

“उजेड कुठाय?” कान्हूनं विचारलं.

“कुठला?”

“त्यो रुमालवाला टाकतो त्यो.”

“तो डोळ्यांना दिसत नाही, दादा. तांबड्याच्याही पलीकडचा असतो.”

कान्हूला धक्काच बसला. सहा वर्षं त्याला वाटत होतं की एक दिवस चकती काजव्यासारखी चमकेल आणि आपल्याला बोलावून दाखवतील. तो मला म्हणाला, “मास्तर, शालू कापला, चकती पोलिसाला चारली, आनि उजेड दिसतच नाय म्हने!”

मॅडमनी त्याचा चेहरा बघितला आणि खुर्ची पुढे ओढली. रेघेच्या सुरुवातीला बारीक लाटा होत्या, विरत जाणाऱ्या. “हे बघा. रुमालवाल्याला उठवलं की शेजारचे सगळे बिचकतात. मागे सरतात, पुढे येतात. ती थरथर आहे ही. चकतीवर ओरखडा असता तर ही दिसली नसती.”

कान्हूनं वाकून लाटा मोजल्या. सात भरल्या. “आठवी हाय, पन अंधूक,” तो म्हणाला. मॅडमनी चष्मा लावला. आठवी होती.

पुढच्या वर्षी या कामावरचा शोधनिबंध परदेशातल्या एका मासिकात छापून आला. रेशीम कोणाचं हे मॅडमनी तोवर कान्हूकडून काढून घेतलं होतं. शेवटी आभाराच्या ओळीत ‘स्फटिक घासल्याबद्दल के. घरत’ आणि, संपादकांनी दोनदा पत्र पाठवून कारण विचारल्यावरही न वगळता, ‘रेशमाबद्दल सी. घरत’. चंद्रावतीनं मला ती ओळ तीनदा वाचायला लावली. महिपतींनी मासिक हातात घेऊन वजन बघितलं. “आनि ती थरथर किती वेळ चालते म्हनालास?” कान्हूनं सांगितलं. “यवढ्यात तर शिंक पन येत नाय,” ते म्हणाले, पण मासिक त्यांनी परत दिलं नाही.

डेव्हिडकाकांना त्यांचा मुलगा जोशुआ अठ्ठ्याण्णव साली इस्रायलला घेऊन गेला. निघण्याआधी त्यांनी कान्हूला बोलावून झोपाळा दिला. तो टेम्पोतून पेणला आणताना एक कडी रस्त्यात पडली, ती शोधायला कान्हू खांब गावापर्यंत चालत मागे गेला आणि घेऊन आला.

नव्व्याण्णव साली तो निवृत्त झाला. संस्थेनं त्याच्या जागी पदविकावाला माणूस घेतला. त्यानं पाच खडे फोडल्यावर कान्हूला पत्र आलं, आठवड्यातून दोन दिवस येता येईल का? कान्हूनं माझ्याकडून उत्तर लिहून घेतलं: सोमवारी आणि गुरुवारी येईन, हुद्दा कागदावर नीट लिहावा. संस्थेनं आठ दिवस विचार केला आणि ‘स्फटिक कारागीर’ असं नवं ओळखपत्र पाठवलं.

परवाच्या गुरुवारी सकाळी पेणच्या स्टँडवर तो दिसला. मी हाक मारली. “मास्तर, येळ नाय,” तो म्हणाला, आणि पनवेल गाडीच्या खिडकीतून आत हात घालून त्यानं सीटवर रुमाल टाकला.